मधला सेल

धुळ्याला आग्रा रोडवर, मोटार स्टँडच्या समोर, पंडित मिस्तरीचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. पण बॅटरी बरी की वाईट हे पंडित ठरवत नसे, त्याची बायको झुंबरबाई ठरवत असे. स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ही गोष्ट ठाऊक होती. मालकांनाही ठाऊक होती, पण त्यांना ती कबूल नव्हती. ते दुकानात येत, झुंबरबाईच्या डोक्यावरून नजर टाकून आतल्या बाकावर बसलेल्या पंडितला विचारत, आणि पंडित सांगे तेच घेऊन जात. पंडितला ते कुणी सांगितलेलं असे, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

पंडितचे डोळे दोन वर्षांपूर्वी गेले. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून वायू निघतो, तिच्याजवळ जाळ नेऊ नये, हे शंभर जणांना सांगणारा माणूस एका सकाळी तोंडात पेटलेली बिडी धरून बॅटरीवर वाकला. फाटकन आवाज झाला आणि तेजाब तोंडावर उडालं. उजवा डोळा तिथल्या तिथे गेला, डाव्यानं पुढे उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायला लागला. जळगावला एका मोटार कारखान्यात सहा वर्षं घासून शिकलेलं सगळं काम हातात तसंच राहिलं, फक्त काट्यावरचा आकडा दिसेना. तेव्हापासून तो आकडा झुंबरबाई वाचायला लागली.

ती पहूरची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण पंडितनं तिला कोळशानं भिंतीवर इंग्रजी आकडे काढून दाखवले आणि आठ दिवसांत ते तिच्या डोळ्यात बसले. आधी तिनं तेजाब मोजायची काचेची नळी शिकून घेतली. मग टेस्टर. टेस्टर म्हणजे हातात धरायची मूठ, तिला खाली दोन अणकुचीदार टोकं, दोन्ही टोकांच्या मधे जाड पट्टी आणि वर घड्याळासारखी तबकडी. ती त्याला चिमटा म्हणे. मोटारीच्या बॅटरीत तीन सेल असत, प्रत्येक सेलच्या शिशाच्या दोन खुंट्या वर उघड्या असत. त्या दोन खुंट्यांवर टोकं दाबून धरायची. पट्टीतून करंट जोरात वाहायला लागतो, पट्टी तापते, आणि काटा सांगतो की सेलच्या अंगात किती जीव आहे. काटा दोनच्या जवळ ठाम राहिला तर सेल चांगला. पण पंडितनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की लगेच उचलायचं नाही, दहा मोजायचे. कारण मेलेला सेलही ताजा चार्ज केला की पहिल्या क्षणी जिवंत असल्याचं सोंग करतो. दहा मोजेपर्यंत त्याचं सोंग टिकत नाही.

लढाईचं चौथं वर्ष होतं. पेट्रोल कूपनावर, टायर परमिटवर, आणि नवी बॅटरी तर सरकारच्या कागदाशिवाय नजरेला पडत नव्हती. जुन्याच बॅटऱ्या धुऊन, पत्रे बदलून, पुन्हा पुन्हा गाड्यांत घातल्या जात होत्या. त्या वर्षी वैशाखात हिलाल ड्रायव्हर आपल्या बसची बॅटरी हातगाडीवर घालून दुकानात आला. हिलाल हा सोनगीरकडचा, गिरधर शेठच्या सर्व्हिसवर धुळे–शिरपूर–सांगवी गाडी चालवायचा. तिशीचा, अबोल माणूस. त्यानं सांगितलं की सेल्फ दाबला की खट् होतं आणि इंजिन हलत नाही, हँडल मारून मारून खांदा गेला, आणि कधीकधी तर हँडल मारूनही ठिणगी पडत नाही.

झुंबरबाईनं रात्रभर बॅटरी चार्जिंगला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हिलालच्या देखत चिमटा लावला. पहिला सेल बरा. तिसरा बेताचा. मधल्यावर तिनं टोकं दाबली तेव्हा काटा पावणेदोनला गेला. तिनं मोजायला सुरुवात केली. चारला काटा दीडवर आला, सहाला एकवर, आणि आठ म्हणेपर्यंत लोळण घेतल्यासारखा शून्यावर जाऊन पडला.

"मधला सेल मरेल शे," ती म्हणाली. "हाई बॅटरी गाडीले लावू नको, भाऊ. सपाटीवर चालशी. चढवर दगा देशी."

हिलालनं मान हलवली. आपल्या हातात काय आहे, असं काहीसं तो पुटपुटला आणि शेठच्या कानावर घालतो म्हणून गेला. झुंबरबाईनं बॅटरीवर खडूनं फुली मारून ती कोपऱ्यात सरकवली. तिच्या मते प्रश्न अवघड नव्हताच. दोन महिन्यांपूर्वी, फाल्गुनात, सांगवी लाइनच्या याच बससाठी सरकारी परमिटवर एक कोरी बॅटरी आली होती. तिच्यात तेजाब भरून पहिलं चार्जिंग झुंबरबाईनंच केलं होतं, आणि कोऱ्या बॅटरीवर ती नेहमी करी तशी सेल जोडणाऱ्या मधल्या शिशाच्या पट्टीवर खिळ्यानं दोन उभ्या रेघा आणि एक आडवी ओढली होती. ती बॅटरी हिलालच्या गाडीत का नाही, हे तिला कळत नव्हतं. शेठनं बसवायची राहून गेली असेल, आता बसवतील, असं ती धरून चालली.

तिसऱ्या प्रहरी ती पांझरा नदीवर धुणं घेऊन गेली. परत आली तर कोपरा रिकामा.

पंडित बाकावर बसला होता, हात मांडीवर, मान खाली. बॅटरी कुठे गेली असं तिनं विचारलं.  मग तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. गिरधर शेठ स्वतः आले होते. दुसऱ्या दिवशी बस तपासणीला न्यायची होती, तपासणीला बॅटरीचा दाखला लागतो, तो त्यांनी लिहूनच आणला होता. पंडितनं फक्त सही केली. जाताना माणसं बॅटरी उचलून घेऊन गेली.

"काय लिखेल व्हतं त्या कागदवर?" तिनं विचारलं.

"बॅटरी तपासी. तिन्ही सेल ठीक."

तिच्या हातातलं ओलं धुणं तिथेच जमिनीवर पडलं. तिन्ही ठीक. तिनं सकाळी या माणसाला आकडा सांगितला होता, शून्य म्हणून सांगितला होता, दोनदा सांगितला होता.

"त्यानी माले दवाखानामा लई जायेल शे," पंडित म्हणाला. "इसरी गई का तू? सोतानी गाडीमा. त्याना तोंडवर नही कसं म्हनू?"

ती विसरली नव्हती. त्या दिवशी शेठची गाडी समोर उभी होती आणि शेठनं पंडितला तिच्यात घालून सिव्हिलला पोहोचवलं होतं, हे खरं. तेव्हापासून या घरात गिरधर शेठचं नाव देवासारखं घेतलं जाई. पण म्हणून मेलेला सेल जिवंत होतो? आणि दुसरं म्हणजे, ती नवी बॅटरी कुठे आहे? ते तरी विचारलं का? पंडितनं विचारलं नव्हतं. पण त्याला ठाऊक होतं. शेठच्या बोलण्यातच आलं होतं, की स्वतःच्या मोटारीला हल्ली एका दाबात सेल्फ लागतो, पोरीच्या सासरी मालेगावला जाताना आता मधे खोळंबा होत नाही.

झुंबरबाई मग जे बोलली ते शेजारच्या पंक्चरवाल्यानं ऐकलं, समोरच्या चहावाल्यानं ऐकलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता.

"डोया तुमना गयात," ती म्हणाली. "मना शेतस ना? मी देखं. मी सांगं तुमले. मंग कोना डोयानी सही करी तुम्हीन?"

पंडित उठला आणि भिंत चाचपडत आत गेला. आतून एवढंच म्हणाला की आता गप्प बस, आपण बोलून काही होत नाही.

ती स्टँडकडे निघाली. हिलालला गाठावं आणि सांगावं की बाबा, ही गाडी काढू नकोस. स्टँडच्या फाटकापर्यंत ती गेली. तिथे चाळीस पुरुष उभे होते, मालकांचे कारकून होते, आणि शेठचा माणूस तिच्याकडे बघत होता. हिलाल दिसला नाही. ती दोन मिनिटं तिथे उभी राहिली आणि मागे फिरली. पुढे आयुष्यभर ती दोन मिनिटं तिला डाचत राहिली. लोकांवरचा राग माणूस ओरडून काढतो. स्वतःवरचा काढायला तिला जागा सापडली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी भिकन ड्रायव्हर, हिलालच्याच सर्व्हिसवरचा, दुकानात येऊन पायरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. शिरपूर सोडून सांगवीकडे जाताना एक नाला लागतो. रस्ता नाल्यात उतरतो आणि पलीकडे उभा चढतो. हिलालची गाडी गच्च भरलेली होती, शिरपूरचा बाजार होता. चढावर अर्ध्यात गियर बदलताना इंजिन बंद पडलं. सेल्फ दाबला, खट् झालं. हँडब्रेक ओढून त्यानं आधी सगळ्यांना खाली उतरवलं आणि मग हँडल मारायला पुढे गेला. एकदा, दोनदा, दहादा. ठिणगीच पडेना. जुना हँडब्रेक तेवढ्या वजनाला किती वेळ पुरणार? गाडी बोटभर मागे सरकली. उतरलेल्यांपैकी बाकीचे बाजूला उभे होते. एक पावरा आदिवासी म्हातारा, करमसिंग नावाचा, सातपुड्यातल्या पाड्यावरून चारोळी विकायला बायकोबरोबर आलेला, त्यानं कुणी न सांगता मोठा धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावायला वाकला. तेवढ्यात हँडलचा झटका बसला आणि ब्रेक सुटला.

गाडी नाल्यात जाऊन तिरपी उभी राहिली. करमसिंग चाकाखालून निघाला तेव्हा संपलेला होता. हिलालला पोलिसांनी शिरपूरच्या ठाण्यात बसवलं होतं.

भिकन सांगत होता आणि झुंबरबाई उभी होती. तिनं आत पाहिलं. पंडितनं ऐकलं होतं. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. तिनं चार्जिंगचं इंजिन बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरधर शेठ आले. उंच, गोरे, टोपी नीटनेटकी, बोलणं लोण्यासारखं. ते पंडितच्या शेजारी बाकावर बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी समजावलं, की नाशिकहून मोटार इन्स्पेक्टर येणार आहेत, परवा शिरपूरला चौकशी आहे. पंडितला सही ओळखायला बोलावतील. त्यानं एवढंच सांगायचं की सही माझी, बॅटरी मी तपासली, ठीक होती. बाकी हिलालनं हँडब्रेक नीट ओढला नाही, आणि तो म्हातारा तर दारू प्यालेला होता, हे साहेबांना कळेलच. टेस्टरही बरोबर आणा म्हणाले. साहेबांनी मागितला तर दाखवता येईल, काम कसं रीतसर चालतं ते. आणि पंडितला दिसत नाही, तेव्हा बाईंना हात धरायला घेऊन या. झुंबरबाईकडे त्यांनी एवढ्यापुरतंच पाहिलं.

म्हातारा प्यालेला होता हे शेठला कुणी सांगितलं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. ती बोलली नाही. तिला कळून चुकलं होतं की इथे बोललेलं इथेच मुरवलं जाईल.

चौकशीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं निघाले. सोनगीर गेलं तरी नवरा-बायकोत एक शब्द झाला नाही. नरडाण्याला गाडी थांबली तेव्हा मात्र तिनं विचारलं, काय सांगणार आहात. पंडित बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसला, जसं काही त्याला बाहेरचं दिसतंय. मग म्हणाला, सही तर माझीच आहे ना. सही नाकारू कशी? तिनं मांडीवरच्या पिशवीतला टेस्टर घट्ट धरला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

शिरपूरच्या ठाण्याच्या आवारात निंबाखाली टेबल मांडलं होतं. इन्स्पेक्टर साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, उन्हानं त्रासलेले. शेजारी फौजदार. एका बाजूला ती बस, मागचा पत्रा चेपलेला. दुसऱ्या बाजूला सावलीत शेठची काळी मोटार, धुऊन पुसून चकचकीत. हिलाल उकिडवा बसला होता. चार दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. आणि सगळ्यांपासून दूर, कुंपणाच्या कडेला, एक बाई बसली होती. काळी, हडकुळी, कमरेपर्यंत येणारी चांदीची जुनी साखळी. पुढ्यात चारोळीची रिकामी टोपली. ती करमसिंगची बायको सुगंधाबाई. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नव्हतं. पाड्यावरून ती दोन दिवस चालत आली होती, का आली असं फौजदारानं विचारलं तेव्हा तिनं आपल्या बोलीत सांगितलं की माझा माणूस दारू पीत नव्हता, एवढं लिहून घ्या. फौजदारानं ते लिहून घेतलं नव्हतं.

शेठनं सुरुवातच झोकात केली. साहेबांना बसजवळ नेलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसवून पुढचे दिवे लावायला सांगितलं. भर दुपारीही दिवे पिवळेधमक पेटलेले दिसले. शेठ म्हणाले, "पाहा साहेब, अपघातातली हीच बॅटरी. मेलेल्या बॅटरीवर असे दिवे लागतात का?" साहेबांनी मान डोलावली. ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचललेली होती. झुंबरबाईला खालच्या बॅटरीच्या तोंडाशी ओल दिसली, कोपऱ्यावर ताज्या तेजाबाचा वास होता. कालच कुणी तरी ती उतरवून कुठे तरी चार्ज करून आणली होती.

मग पंडितला पुढे बोलावलं. दाखल्याची सही त्याच्या बोटाखाली ठेवली. तो म्हणाला, सही माझी. साहेबांनी विचारलं, बॅटरी तुम्ही तपासली? पंडितचे ओठ हलले. तो थांबला. आवारात सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला त्यातलं कुणी दिसत नव्हतं. शेठ सौम्यपणे म्हणाले, "सांगा मिस्तरी, घाबरू नका." पंडित म्हणाला, "हो साहेब. ठीक होती."

झुंबरबाईनं त्याचा हात सोडला.

"ह्यांनी तपासली नाही," ती म्हणाली. "ह्यांना दिसत नाही. मी तपासली."

शेठ हसले, बाईमाणूस आहे, गांगरली आहे, असं काही तरी म्हणाले. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली नाही. तिनं पिशवीतून टेस्टर काढला आणि सरळ बसच्या फळीपाशी गेली. फौजदार पुढे आला, तशी ती साहेबांकडे वळून म्हणाली की दिवे हे हलकं काम आहे साहेब, दिवे आजारी बॅटरीही लावते. इंजिन फिरवायचं काम वेगळं. हे यंत्र तिला तेवढंच जड काम देतं. तुम्ही स्वतः बघा. तुम्हाला आकडा वाचता येतो.

साहेबांना आकडा वाचता येत होता. कदाचित म्हणूनच ते उठून आले.

तिनं पहिल्या सेलवर टोकं दाबली. काटा एक नव्वदला गेला आणि तिथेच राहिला. तिसऱ्या सेलवर काटा जरासा खाली उतरला, पण टिकला. मग मधला. काटा झरकन वर गेला, एक ऐंशी. शेठच्या तोंडून समाधानाचा हुंकार निघाला आणि साहेब म्हणाले, "बरा दिसतो की." त्यांनी पाठ फिरवायला सुरुवात केली.

"जाऊ नका साहेब," झुंबरबाई म्हणाली. "दहा मोजा."

त्यांनी मोजले नाहीत, तिनंच मोजले. मोठ्यानं. एक, दोन. पट्टी तापली, तिच्या अंगठ्याला चटका बसायला लागला. चारला काटा थरथरला. पाच, सहा. काटा खाली यायला लागला. आठला तो अर्ध्याच्या खाली होता. दहाला शून्य. मधल्या सेलच्या तोंडातून बुडबुडे फसफसून आले. तिनं टोकं उचलली नाहीत. साहेबांनी चष्मा कपाळावर घेऊन तबकडीवर नाक टेकवलं, तेव्हाच तिनं उचलली.

"हे आठवड्यापूर्वी ह्या हिलालच्या देखत असंच दिसलं होतं," ती म्हणाली. आणि मग तिला शहरी बोलणं सुचेनासं झालं. "मी सांगं व्हतं, चढवर दगा देशी. मना धनीले बी सांगं. त्यास्नी आयकं नही. शेठनी लिखी आनं आनि ह्यास्नी सही करी दिनी. हिलालनी काय चूक शे? इंजिन तर कोनंबी बंद पडस. सेल्फ कसाले ऱ्हास मंग?"

शेठचं लोणी आता विरघळायला लागलं होतं. ते म्हणाले की लढाई चालू आहे, नवी बॅटरी मिळते कुठे, मी काय हवेतून काढू? हजार लोकांची सोय मोडायची का एका सेलसाठी? हे ऐकताना झुंबरबाईला वाटलं की आपलं डोकं आतून तापलेल्या पट्टीसारखं झालंय. सोय म्हणे. कुंपणाकडे बसलेल्या बाईकडे यानं आल्यापासून एकदा तरी पाहिलं होतं का?

"भेटनी व्हती," ती म्हणाली. "फागुनमा भेटनी. ह्याच बसना परमिटवर." आणि तिनं हात लांब करून सावलीतली काळी मोटार दाखवली. "ती तिकडे शे. मधली पट्टीवर मनी निशानी शे. दोन उभ्या रेघा, एक आडवी. उघाडा आनि देखा."

साहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, ही बाई वेडी आहे, आणि गाडीची किल्ली मालेगावला राहिली. गाडी तर त्यांनी स्वतः चालवत आणून उभी केली होती. फौजदारानं काही न बोलता ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलली, आत वाकून पाहिलं, आणि साहेबांना हाक मारली. साहेब गेले, वाकले, बोटानं पट्टीवरची धूळ पुसली. परत येऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी नवा कागद मागितला. पहिलं वाक्य लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, बाई, नाव काय तुमचं?

ती परत निघताना हिलाल उठून उभा राहिला. सुगंधाबाई मात्र जवळ आली. तिनं झुंबरबाईच्या हातातला टेस्टर बघितला, त्याला हात लावला नाही. तिनं आपल्या बोलीत विचारलं की हे यंत्र आधी का नाही दाखवलं? झुंबरबाईला बोली नीट कळत नव्हती, पण प्रश्न कळला.  तिनं साहेबांकडे परत जाऊन सांगितलं की करमसिंग दारू पीत नव्हता हे लिहा. साहेबांनी ते लिहिलं. मग सुगंधाबाई टोपली उचलून पाड्याच्या रस्त्याला लागली.

पुढे जे झालं ते कोर्टात वर्षभर रखडलं. हिलाल सुटला आणि नंदुरबार लाइनवर दुसऱ्याची गाडी चालवायला लागला. गिरधर शेठची सांगवी लाइन बंद झाली, परमिटाच्या गैरवापराबद्दल त्यांना शिक्षा झाली, अपिलात ती अर्धी झाली. सुगंधाबाईला काहीही मिळालं नाही. त्या कागदांत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

दुकानाचं मात्र लगेच झालं. शेठच्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी उचलल्या गेल्या, त्यांच्या भाऊबंदांच्याही. दोन महिने चार्जिंगचं इंजिन आठवड्यातून दोनदाच सुरू व्हायचं. मग हळूहळू ट्रकवाले यायला लागले. अमळनेर, पारोळा, दोंडाईचा, कुठून कुठून ड्रायव्हर येत आणि आता पंडितला विचारत नसत, सरळ झुंबरबाईपुढे बॅटरी ठेवत. काही तर फक्त बघायला येत, ही ती बाई म्हणून. त्यांना ती एका शब्दात वाटेला लावी.

पंडितला शिरपूरहून आल्यापासून कामात जीव राहिला नव्हता. खोटी साक्ष दिली म्हणून साहेबांनी त्याला ताकीद देऊन सोडलं होतं, आंधळा म्हणून. तेच त्याला लागलं होतं. तो बाकावर बसून राही. बायको वाढे ते जेवे. ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोले: भाकर, पाणी, दार ओढा, गिऱ्हाईक आलं. असे पाच महिने गेले.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. पंडितनं विचारलं की तू अजून रागावलेली आहेस का. झुंबरबाई बॅटऱ्यांच्या खुंट्या सोड्याच्या पाण्यानं धूत होती. ती थांबली नाही.

"हां," ती म्हणाली.

तो म्हणाला की मला खरंच दिसत नव्हतं गं. शेठ बाकावर शेजारी बसले की मला तो दवाखाना दिसायचा, दुसरं काही नाही. ती ऐकत होती. तो म्हणाला की त्या म्हाताऱ्याचं नाव मी रोज घेतो. ते तिला माहीत होतं. भिंतीपलीकडून तिनं ते ऐकलं होतं, पहाटे, चूळ भरताना, देवाच्या नावाऐवजी.

"माफ कर," तो म्हणाला.

झुंबरबाईनं हात पुसले. तिला दोन्ही खरं वाटत होतं, की हा माणूस वाईट नाही आणि करमसिंग या माणसाच्या सहीखाली मेला. एका खऱ्यानं दुसरं पुसलं जात नव्हतं. आणि तिची स्टँडच्या फाटकातली दोन मिनिटं होती, ती कुणाकडून माफ करून घेणार?

"माफ करनं मना हातमा नही शे," ती म्हणाली. "जीना हातमा शे ती सांगवीना पुढे ऱ्हास. तिले इचारा."

 पंडितनं विचारलं, सांगवीला गाडी किती वाजता सुटते. तिनं सांगितलं, सकाळी सातला. लाइन आता दुसऱ्या मालकाकडे आहे, गाडी भिकन चालवतो.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ती त्याचा हात धरून त्याला स्टँडवर घेऊन गेली. भिकनला तिनं बजावलं की ह्यांना सांगवीला उतरव आणि पाड्यावर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती दे. मी येत नाही. पंडित पायरी चाचपडत वर चढला आणि खिडकीशी बसला. तिनं गाडी सुटेपर्यंत वाट पाहिली नाही. दुकानावर एक ट्रकवाला बॅटरी खांद्यावर घेऊन उभा होता आणि त्याला घाई होती.